दुचाकीवरून स्पिती : भाग ३
रिकाँग पिओ ते बातल

रिकाँग पिओ, ९ सप्टेंबर

रोजची सुरुवात चेनपासून. आमच्या एक्सपल्सला मधला स्टँड नाही. गाडी साइड स्टँडवर कलती करायची, दुसऱ्या बाजूने इंजिनखालच्या पत्र्याला दगडाचा टेकू द्यायचा, की मागचं चाक मोकळं फिरतं. चेन पुसायची, आतल्या बाजूने ९० नंबरचं ऑइल थेंब थेंब सोडायचं, मग बोटाने ढिलाई पाहायची. सामान आणि माणूस बसल्यावर मागचा शॉकअप दबतो आणि चेन ताणली जाते. म्हणून ढिलाई पाहताना सोबत दुसऱ्या एक्सपल्सवर आलेल्या भाच्याला गाडीवर बसवतो. रिकाम्या गाडीवर घट्ट दिसणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढ देते.

दोनशे सीसीची गाडी एवढ्या लांब का, हा प्रश्न चंडीगडपासून ढाब्याढाब्यावर ऐकतो आहे. महामार्गावर ४११ सीसीची हिमालयन सुखाची, यात वाद नाही. पण तिचं वजन दोनशे किलोंच्या घरात, हिचं १६० च्या आत. दगडगोट्यांत गाडी आडवी झाली की हा फरक कंबरेला कळतो. पुढचं चाक दोन्ही गाड्यांना २१ इंची, पोटाखालची उंची दोन्हींची २२० मिलिमीटर. एकट्याने उचलता येईल ती गाडी घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

पोवारीच्या पंपावर टाक्या भरल्या. टाकी १३ लिटरची आणि चढावरही लिटरला ३५ किलोमीटर मिळतात. इथून काझा साधारण दोनशे किलोमीटर आणि तिथे पंप आहे. त्यामुळे पेट्रोलचे कॅन बांधले नाहीत. पाच लिटरचा कॅन म्हणजे मागच्या चाकावर जवळजवळ चार किलो, तेही उंचावर.

नाको, १० सप्टेंबर

खाबला सतलज आणि स्पिती भेटतात. सतलज तिबेटातून गढूळ होऊन आलेली. पूल ओलांडला की रस्ता उघड्या खडकातून वळणं घेत चढू लागतो.

नाकोच्या अलीकडे भाच्याच्या गाडीचं मागचं चाक बसलं. दगडाची धार टायरला भिडली, ट्यूब रिम आणि दगडात चेपली आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या. आमच्या आऱ्यांच्या चाकात ट्यूब आहे, तेव्हा हा प्रसंग कधी ना कधी येणारच. आऱ्यांचं चाक मार खाऊन वाकतं पण तुटत नाही, वाकलं तर आरे आवळून सरळ करता येतं. ट्यूबलेसच्या सोयीपेक्षा मला या वाटेवर ते मोलाचं वाटतं.

चाक काढायला वेळ लागला नाही. कष्टाचं काम म्हणजे टायरची कड रिमवरून सोडवणं. चाक जमिनीवर आडवं ठेवलं, माझ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडी त्याच्यावर झुकवली. ‘‘मामा, अजून थोडं!’’ कड सुटली. दोन लिव्हर, थोडं साबणपाणी. टायरच्या आतून हात फिरवून खडा राहिलेला नाही ना ते पाहिलं आणि नवी ट्यूब घातली. आम्ही २१ इंचीच ट्यूब बाळगतो. मागच्या १८ इंची चाकात ती जरा दुमडून बसते, पण मुक्कामापर्यंत नेते. १८ इंची ट्यूब मात्र पुढच्या चाकाला चालत नाही. कड परत चढवताना समोरची बाजू रिमच्या मधल्या खोबणीत ढकलून धरली, तर शेवटची वीतभर सहज जाते. ते न करता नुसता जोर लावला की लिव्हर नव्या ट्यूबलाच चावते.

हवा भरताना भाचा रडकुंडीला आला. ‘‘मामा, भरतेय ना नक्की?’’ भरत होती. साडेतीन हजार मीटरवर हवाच पातळ. कोल्हापुरात शंभर दट्ट्यांत होणाऱ्या कामाला इथे दीडशे लागतात.

ताबो आणि काझा, १२ सप्टेंबर

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. काल दुपारभर तिथल्या मातीच्या भिंती आणि अंधारातली चित्रं पाहिली. त्याबद्दल सवडीने वेगळं लिहीन.

आज काझाला गाड्यांचा दिवस. प्रत्येक आऱ्यावर पाना हलकेच वाजवला. घट्ट आरा टणकन बोलतो, ढिला बद्द आवाज करतो. माझ्या मागच्या चाकात एका बाजूचे काही आरे बद्द वाजले. पाव पाव फेरा देत आवळले आणि दर वेळी चाक फिरवून आउट पाहिला. एकच आरा एकदम आवळायचा नाही, रिम तिकडे खेचली जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बनवलेल्या कॅरिअरचे बोल्ट तपासले. एअर फिल्टर धुळीने भरला होता. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. नवा सोबत होता, तो बसवला.

टायरमधली हवाही मोजावी. खालच्या गावात भरलेली हवा इतक्या उंचीवर मापकावर जास्त दाखवते, कारण बाहेरचा दाब उतरलेला असतो. टणक टायर दगडावर उसळतो. पहाटेच्या थंड टायरवर मोजून थोडी कमी केली. फार कमी केली तर पुन्हा नाकोसारखीच चीर पडेल.

बातल, १३ सप्टेंबर

लोसरनंतर कुंझुमची चढण. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्केही नसतो आणि इंजिनची ताकद त्याच मापाने उतरते. कागदावरच्या १९ पैकी ११ अश्वशक्ती हाती राहते. फ्युएल इंजेक्शनमुळे मिश्रण बिघडत नाही, पण ताकद परत येत नाही. पहिला-दुसरा गिअर, इंजिन फिरतं ठेवायचं आणि क्लच घासायचा नाही. खिंडीत देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घालण्याचा इथला रिवाज आहे, तो पाळला.

उतारावर ओढे लागले. बर्फ दिवसा वितळतं, म्हणून सकाळी पाणी कमी. आधी पायी उतरून तळ पाहिला. मग पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही, आधी ढकलून बाहेर काढायची. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर एका स्टार्टरने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पलीकडे पोचल्यावर ब्रेक हलके धरून सुकवले आणि संध्याकाळी चेनला पुन्हा ऑइल दिलं.

अशी गाडी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना एक विनंती. शोरूममध्ये जाण्याआधी एक रविवार ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे काढा. मागचं चाक स्वतः उतरवा, ट्यूब बदला, चाक चढवा, चेन लावा. त्याला लागलेले पाने एका पिशवीत घाला, बाकीचे घरी ठेवा. पुढच्या भागात बातल ते ग्राम्फू.