डिझेलला तोंड लावू नका



ट्रॅक्टर दाराशी आला की घरात लक्ष्मी आल्यासारखे वाटते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण या लक्ष्मीच्या पोटात डिझेल कसे घालावे, हे कोणी नीट शिकवीत नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगतो. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता.

माझे गाव मेडशी, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. मी बी.एस्सी. ॲग्री. होऊन कृषी विस्तार अधिकारी झालो. घरची शेती थोरले बंधू पाहतात. 2012 सालच्या मृगातली गोष्ट. जमिनीला वाफसा आला होता आणि सोयाबीनची पेरणी चालू होती. अशा वेळी डिझेलसाठी ट्रॅक्टर शेतातून कोण हलवतो? डिझेल कॅनमधूनच शेतावर येते. त्या दिवशी सुटी असल्याने मीही धुऱ्यावर उभा होतो.

माझा पुतण्या तेव्हा 19 वर्षांचा. त्याने कॅन बॉनेटवर ठेवला, नळी आत सोडली आणि दुसरे टोक तोंडात धरून ओढले. डिझेल एकदम आले. त्याला जोराचा ठसका लागला, काही पोटातही गेले. घरातला शिकलेला माणूस म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी धावलो आणि त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करविली. आपण मोठे शहाणपण केले, असेच मला वाटले.

संध्याकाळपर्यंत त्याला खोकला, धाप आणि ताप, तिन्ही आले. रात्रीच अकोल्याला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उलटी कोणी करविली?" मी मान खाली घातली. मग त्यांनी समजावून सांगितले. डिझेल पोटात गेल्यापेक्षा फुफ्फुसात गेलेले अधिक घातक. ते पातळ आणि तेलकट असल्याने श्वासनळीत उतरले की आत पसरते आणि फुफ्फुसाला सूज येते. उलटी करविली की ते पुन्हा घशाशी येते, म्हणजे फुफ्फुसात शिरायला त्याला दुसरी संधी आपणच देतो.

आठ दिवसांनी पोरगा घरी आला. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले. पुढे एके दिवशी शेतात त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, पाण्याले पाट काढून देता, मंग डिझेलले तोंड काहून लावता?"

बंधूंनो, माझ्या पदवीत जे शिकलो ते सारे त्या एका वाक्यात होते. पाणी वरून खाली जाते, तसेच डिझेलही जाते. आमच्याकडे जमीन चढउताराची. तेव्हापासून आम्ही ट्रॅक्टर उंच धुऱ्याच्या खालच्या अंगाला उभा करतो, ब्रेक लावून चाकाला दगडाची उटी देतो आणि कॅन धुऱ्यावर ठेवतो. डोक्याइतक्या उंचीवर कॅन उचलण्याचे कामच राहिले नाही. 20 लिटर डिझेलचे वजन जवळजवळ 17 किलो भरते. ते हातांवर तोलून धरताना कंबर धरते आणि धार चुकली की डिझेल सांडते. शक्य असल्यास एका मोठ्या कॅनऐवजी 10-10 लिटरचे दोन घ्यावेत. घरातल्या बायामाणसांनाही ते झेपतात.

धार सुरू करायला तोंड नको. बाजारात हलवून चालणारी नळी मिळते. तिच्या एका टोकाला झडप असते व तीत गोळी असते. ते टोक डिझेलात बुडवून भराभर वरखाली हलवावे. प्रत्येक हेलकाव्याला थोडे डिझेल नळीत चढते, आणि ते पलीकडच्या उतारावर पोचले की धार आपोआप चालते. मात्र कॅनमधले डिझेल टाकीच्या तोंडापेक्षा उंच हवे. धार थांबवायची असेल तेव्हा झडपेचे टोक डिझेलातून वर काढावे. जमीन सपाट असेल तर हाताने फिरवायचा पंप घ्यावा. तो जमिनीवरच्या कॅनमधून किंवा बॅरलमधून डिझेल वर चढवतो.

नळी नसेल आणि ओतायचेच असेल, तर कॅनचे तोंड खाली नव्हे, वरच्या अंगाला येईल असा कॅन आडवा धरावा. डिझेल बाहेर येते तेवढी हवा आत जावी लागते. वाट मिळाली नाही की कॅन गटगट करतो आणि डिझेल उसळून अंगावर येते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते कॅनच्या तळाशी बसते. कॅन थोडा वेळ स्थिर ठेवावा, नळीचे टोक तळापासून चार बोटे वर ठेवावे आणि नरसाळ्यात बारीक जाळी बसवावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात डिझेल साठवू नये; जस्ताशी त्याची क्रिया होऊन गाळ धरतो व फिल्टर तुंबतो. टाकी शक्यतो संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन डिझेलात उतरते. टाकी पूर्ण आटू देऊ नये, नाहीतर नळ्यांत हवा शिरते आणि ऐन पेरणीत ती काढीत बसावे लागते.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हे खरे. पण 35 अंशांच्या पुढे त्यातून पेट घेण्याजोगी वाफ सुटू शकते, आणि आपला उन्हाळा तर 40 अंशांच्या वर जातो. इंजिन बंद करून निवू द्यावे. बिडी दूर ठेवावी.

एवढे करूनही कोणाच्या तोंडात डिझेल गेलेच, तर चूळ भरवावी, उलटी करवू नये, आणि खोकला लागो वा न लागो, तडक दवाखाना गाठावा. त्रास काही तासांनीही सुरू होतो.

आज माझा पुतण्या दोन लेकरांचा बाप आहे. गोठ्याच्या खांबाला ती नळी टांगलेली असते. गावोगावच्या सभांत मी खताच्या मात्रेआधी ही हकीकत सांगतो. शिकलेल्या माणसाची चूक होती. ती तुमच्या घरी न होवो, एवढीच इच्छा.