काचेवरचा साक्षीदार

घाटातून मोटार हाकणाऱ्याने स्वतःच्या ब्रेकवर थोडा आणि पुढच्याच्या ब्रेकवर मुळीच विश्वास ठेवू नये, असे माझे वडील म्हणत. ते एस.टी.त ड्रायव्हर होते, तेव्हा त्यांना तसे म्हणण्याचा अधिकार होता. मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत चित्रकला शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. मला असला काही अधिकार नाही. पण २०२४च्या मे महिन्यात वडिलांच्या वाक्याचा उत्तरार्ध माझ्या मोटारीच्या बंपरवर येऊन आदळला.

वाईत राहायचे आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला शाळेत जायचे, हा माझा नित्याचा क्रम. त्या दिवशी निकालाच्या कामासाठी निघालो होतो. पर्यटकांचे दिवस, मोटारींची ही रांग लागलेली. एका चढावर पुढची मोटार थांबली, मीही थांबलो. आणि मग ती पुढची मोटार अगदी सावकाश, एखाद्या म्हशीने मागे सरावे तशी मागे आली आणि माझ्यावर टेकली. आतून एक गृहस्थ उतरले आणि माझ्यावरच ओरडू लागले. “मागून ठोकलीत!” भोवती माणसे जमली. दोन मोटारी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की मागच्याने ठोकले, हे लोकांच्या मनात आधीच ठरलेले असते. मी शपथा घेतल्या, हातवारे केले. शेवटी ४,००० रुपये देऊन सुटलो.

घरी येऊन मी जाहीर केले की आपल्याला एक साक्षीदार पाहिजे.

“त्यात काय, बाबा,” चिरंजीव म्हणाले. “फोन आहे ना! त्या डॅशकॅमवर पाचसहा हजार कशाला घालवायचे? स्वस्तातल्या डॅशकॅमपेक्षा तुमच्या फोनची काच कितीतरी चांगली.” आणि त्याने काचेला चिकटणारा एक स्टँड आणून, फोनमध्ये कसलेसे ॲप घालून, त्याचा डॅशकॅम करून दिला. मला हे मनापासून पटले. शिक्षकाच्या पगारात, घरात असलेली वस्तू दुप्पट कामाला लावणे यासारखे समाधान नाही.

आणि चित्र खरोखरच सुरेख येई. पावसाळ्यात धोम धरणाच्या बाजूने ढग चढून येताना मी ते संध्याकाळी पुन्हा पाहत बसे. सौ. म्हणे, “अपघातासाठी घेतलंय की सिनेमासाठी?”

पण साक्षीदार म्हणून फोनचे काही ठीक चालेना. पहिली गोष्ट, तो साक्षीदार फारच कामाचा माणूस निघाला. नेमक्या वळणावर मुख्याध्यापकांचा फोन यायचा आणि माझ्या फोनात चित्रीकरण तिथेच थांबायचे. घरी पाहावे तर नऊ मिनिटांची चित्रफीत आणि पुढे काही नाही. सिमकार्ड नसलेला जुना फोन लावून पाहिला. त्याने कॉलची पीडा गेली, पण ऑक्टोबरचे ऊन आले. समोरच्या काचेतून थेट ऊन, त्यात चार्जिंग चालू, त्यात चित्रीकरण चालू. एके दिवशी फोन पापडासारखा तापला आणि आपण थंड होईपर्यंत काही करणार नाही अशी पाटी दाखवून गप्प बसला. त्याच्या पोटातली बॅटरी लिथियमची. तिला उष्णता सोसत नाही. चांगल्या डॅशकॅममध्ये म्हणून बॅटरीऐवजी कपॅसिटर घालतात, हे मला मागाहून कळले.

याहून मोठी अडचण माझ्यातच होती. रोज सकाळी फोन स्टँडवर बसवायचा, ॲप उघडायचे, बटण दाबायचे. पहिला आठवडा हे सारे पूजेच्या नेमाने झाले. मग ज्या दिवशी उशीर होई त्या दिवशी राहून जाऊ लागले, आणि घाई असते त्याच दिवशी माणूस वेडावाकडा चालवतो. पुढे पुढे तर असे झाले की आपण शहाण्यासारखे चालवणार असे वाटे तेव्हाच मी बटण दाबी. म्हणजे साक्षीला कधी उभे राहायचे हे साक्षीदार नव्हे, आरोपीच ठरवत होता.

रशियात चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ला एक अशनी आकाशात फुटला. त्याची चित्रे जगाने पाहिली ती बऱ्याच अंशी तिथल्या मोटारींमधल्या डॅशकॅमनी टिपलेली. त्या चित्रांवरूनच शास्त्रज्ञांनी त्याचा मार्ग मांडला. आपण आकाशातले काही टिपतो आहोत हे त्या ड्रायव्हरांच्या गावीही नव्हते. कोणी दूध आणायला निघाला असेल, कोणी कामावर. हे वाचले तेव्हा मला वाटले, न सांगता पाहत राहणे हाच या यंत्राचा खरा गुण.

तेव्हा २०२४च्या दिवाळीत डॅशकॅम घेतला. आरशामागे बसेल एवढा तो. समोरचे अडत नाही. किल्ली फिरवली की आपला आपण सुरू होतो. फोनपेक्षा जास्त रुंद पाहतो. तीन तीन मिनिटांचे तुकडे कार्डावर साठवतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. मात्र धक्का बसला, तर आतल्या संवेदकाला तो कळतो आणि तेवढा तुकडा कुलपात पडतो. तो आपोआप पुसला जात नाही. दोषही आहेत. रात्री समोरून दिवे आले की नंबरप्लेट म्हणजे पांढरा ठिपका. आणि कार्ड सारखे लिहून पुसून झिजते, म्हणून ते याच कामाचे, टिकाऊ घ्यावे लागते. मी आधी साधे घातले आणि चार महिन्यांत बदलले.

आमचे एक वकील स्नेही आहेत. ते म्हणाले, “मास्तर, चित्रफीत आहे म्हणून छाती काढून कोर्टात जाऊ नका. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. त्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे बरोबर प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुमच्या सहीचा, दुसरा जाणकाराच्या. मूळ कार्ड जपून ठेवा.” मी मान डोलावली. फोन मी आता खिशात ठेवतो. अपघात झालाच तर खाली उतरून चहूबाजूंनी छायाचित्रे काढायला आणि ११२ला फोन करायला तोच बरा. तो काचेवर टांगलेला असला तर ऐनवेळी कुठे उडून पडेल सांगता येत नाही.

इथवर सारे ठीक होते. मग २०२५चा श्रावण आला.

पाऊस भुरभुरत होता. संध्याकाळी वाईत शिरल्यावर मी उजवीकडच्या आमच्या बोळात वळलो, आणि मागून येणारी रिक्षा माझ्या उजव्या दारावर आदळली. रिक्षावाले मामा साठीचे. त्यांच्या रिक्षाची पुढची काच गेली होती. ते म्हणाले, “मास्तर, इंडिकेटर न्हवता तुमचा.” मी म्हणालो, “होता.” मला स्वच्छ आठवत होते, माझ्या हाताने ती दांडी दाबल्याचे मला त्या क्षणी दिसत होते. माणसे जमली. या वेळी गर्दी माझ्या बाजूची होती. अर्ध्याअधिकांची मुले माझ्या हाताखालून गेलेली. “मास्तर खोटं बोलतील का?” कोणीतरी म्हणाले. मामांनी खिशातून १,५०० रुपये काढले, ओल्या नोटा, आणि माझ्या हातात ठेवले. मी ते घेतले. पसरणीच्या घाटातल्या ४,००० रुपयांची थोडी वसुली झाली, असेही मनात आले. ते इथे लपवत नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी कार्ड काढून सर्वांना चित्रफीत दाखवायला बसलो. कुलपातला तुकडा. कॅमेरा पुढे पाहणारा, त्यामुळे रिक्षा दिसायचा प्रश्नच नव्हता. ओला रस्ता, वायपरची खरखर, मोटार उजवीकडे वळते, मग धडाका, मग माझा आवाज.

“अहो,” सौ. म्हणाली, “ती टिकटिक कुठं आहे?”

“कसली टिकटिक?”

“दिवा लावला की होते ती.”

मी म्हणालो, पावसाचा आवाज आहे, यंत्राचा माइक लहान. चिरंजीवांनी काही न बोलता तुकडा मागे नेला. दोन मिनिटे आधी, पुलाजवळच्या वळणावर, त्याच पावसात, त्याच वायपरच्या खरखरीत टिकटिक चालू होती. घड्याळासारखी. बोळाच्या वळणावर नव्हती. आम्ही तो भाग तीनदा ऐकला.

मी दांडी दाबली नव्हती. तरी मला दाबलेली आठवत होती; अजूनही आठवते. लिहिणाऱ्या माणसाला हे नवे नाही, पण कादंबरीत असे केले तर कोणाची काच फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षाथांब्यावर गेलो तर मामा नव्हते. रिक्षा कामाला टाकली आहे, असे कळले. तिसऱ्या दिवशी भेटले. नवी काच बसवली होती, कडेचे रबर अजून काळेभोर. मी १,५०० परत दिले आणि काचेचा खर्च विचारला. १,२००, ते म्हणाले. तेही दिले. मग फोन काढून म्हणालो, “मामा, यात उतरवून आणलंय. दिवा नव्हताच. तुम्ही स्वतः बघा.”

“बघायचं काय त्यात, मास्तर?” ते म्हणाले. “मी मागंच हुतो की.”

नोटा त्यांनी न मोजता वरच्या खिशात घातल्या. मी निघालो तेव्हा हाक मारून विचारले,

“त्यो कॅमेरा केवढ्याला पडतो?”