शेपटीवरची पट्टी

घरच्या घरीं विमान बांधणें ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलून दाखविली तर थट्टेवारी नेली जाईल. परंतु अमेरिकेंत तो एक रीतसर छंद आहे. बांधणीचें निम्म्याहून अधिक काम हौशी मंडळींनीं स्वतः केलें असलें, म्हणजे सरकार त्या विमानास 'प्रायोगिक' म्हणून उडण्याची परवानगी देतें. या हौशी लोकांची संस्था १९५३ सालीं निघाली आणि १९७० पासून ऑशकॉश येथें त्यांचा मेळावा भरूं लागला. ऑरेगॉन संस्थानांत राहणारा माझा भाचा याच पंथांतला. त्याच्या मोटारखान्यांत सात वर्षें मोटार म्हणून उभी राहिली नाहीं.

मीं तिकडे गेलों तेव्हां त्याचें दोन आसनांचें विमान उडूं लागलें होतें. पण त्याची आई, म्हणजे माझी ताई, एकदांच त्यांत बसली आणि "हा उधळा टांगा मला नको" म्हणून मोकळी झाली. भाच्यास तें फार लागलें.

दोष शेपटींत होता. आडव्या शेपटीच्या मागल्या कडेस बिजागरीवर हलणारी जी फळी विमानाचें नाक उचलते वा नमविते, तिच्याहि कडेस एक अरुंद पट्टी असते. ती योग्य जागीं ठेविली, कीं चालकास दांडा सतत ओढून धरावा लागत नाहीं. या विमानांत ती पट्टी बारा व्होल्टची चिमुकली मोटर हलविते व तिचीं बटणें दांड्याच्या माथ्यावर असतात. आतां वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. उतरतांना ताशीं ७० नॉट आणि प्रवासांत १४० नॉट धरले, तर तीच पट्टी तेवढीच हलली असतां परिणाम चौपट होतो. उतरतांना जें बटण सुस्त वाटे, त्यास प्रवासांत बोट लागतांच नाक उसळे. तें सांवरावें, तों खालीं जाई. बिचाऱ्या ताईच्या पोटांत ढवळलें, यांत नवल तें काय!

भाच्याच्या मनांत मोटरच्या वाटेंत एक रोधक घालावयाचा होता. माझा उभा जन्म विजेच्या यंत्रांत गेलेला. मला हें पटेना. मोटरवर भार आला, कीं ती अधिक प्रवाह ओढते. मग रोधकांतच अधिक व्होल्ट खर्ची पडतात, आणि जोराची खरी गरज असतां मोटर दुबळी होते, क्वचित् अडूनहि बसते. त्यापेक्षां पुरे व्होल्ट तुटक तुटक ठोक्यांनीं द्यावे व चालू-बंद यांचें प्रमाण एका स्क्रूनें ठरवावें. हें मंडल दिशा उलटविणाऱ्या स्विचाच्या अलीकडे बसवावें, म्हणजे त्यास उलटसुलट प्रवाहाची बाधा होत नाहीं.

यावर तो राजी झाला. "मग अगदीं मंद करूं, मामा, आईला कळणारहि नाहीं," असें तो म्हणाला. येथेंच आमचा खरा वाद झाला. उतरण्याच्या बेतांत पट्टी नाक वर धरणारी असते. अशा वेळीं धांवपट्टीवर कांहीं आडवें आलें व पुन्हां उठण्यासाठीं इंजिनाचा पूर्ण जोर लाविला, तर नाक आपोआप वर चढूं पाहतें. पट्टी मंद असेल, तर चालकास तोंवर दांडा हाताच्या बळावर रेटून धरावा लागतो. उलटपक्षीं, बटण अडकून पट्टी भर वेगांत धांवत सुटली, तर मंदपणाच तारतो; विजेचा खटका ओढावयास सवड मिळते.

तेव्हां आम्हीं दोन गति ठेविल्या. पंखाचे फ्लॅप खालीं असतां पुरी गति, वर घेतले कीं मंद. हा बदल एक रिले करतो. रिले निकामी झाला तर गति पुरीच राहावी, असा मीं हट्ट धरिला. कारण रिले व बटण दोन्ही एकाच वेळीं बिघडण्याचा संभव थोडा.

टोंकापासून टोंकापर्यंत पट्टीस प्रथम १८ सेकंद लागत. घड्याळ लावून आम्हीं ते ३६ केले. तरी प्रवासांत नाक जरा चंचलच. स्क्रू फिरवावयाचा तो जमिनीवरच, असा नियम असल्यामुळें चार उड्डाणें लागलीं. शेवटीं ५४ वर मन बसलें.

पुढच्या आठवड्यांत ताई टिलामुकपर्यंत जाऊन आली. उतरल्यावर तिनें मुलास एवढेंच विचारिलें, "पुन्हां जाऊं तेव्हां मला डाव्या खिडकीशीं बसवशील का रे?"

"आई, ती जागा माझी," भाचा म्हणाला.