मागून आणलेली बाग

आमच्या माणदेशात घराच्या पुढं अंगण असतं आणि मागं परडं. परड्यात झाडं ‘लावली’ असं कुणी म्हणत नाही, ती असतात. मोरीच्या पाण्यावर अळू, त्याच्या कडेला कर्दळ, कुडावर घोसाळी, आणि उरलेल्या जागेत गुलबक्षी, तेरडा, सदाफुली, दोन मिरच्या, एखादं वांगं. चुलीवर आमटी उकळत असताना चार पावलांवर जाऊन कडीपत्त्याचा डहाळा मोडून आणता आला पाहिजे, एवढाच त्या बागेचा आराखडा.

आमचं जुनं मातीचं घर २०१४ साली पाडलं. धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्यानं हौसेनं, स्वतःच्या पैशानं नवं घर बांधलं. परड्याच्या जागी गाडीचं शेड आलं आणि पुढच्या अंगणात लॉन. मुरमावर सहा इंच तांबडी माती, तिच्यावर गवताच्या चौकोनी वड्या. भावाचं म्हणणं साधं होतं : आईनं जन्मभर धूळ खाल्ली, आता तिच्यासमोर हिरवं असू दे. त्यात वावगं काही नव्हतं. २०१७ साली निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो तेव्हा लॉन गालिच्यासारखं जमलं होतं.

आई मात्र त्यावर पाय ठेवत नसे. ओट्यावर बसून म्हणायची, “तुझ्या बापानं जल्मभर रानातली हराळी खणली. हाताला घट्टं पडलं. आन् तुमी पैसं दिऊन गवात इकत आणलं व्हय रं?”

ज्यानं हराळी खणली आहे त्यालाच यातली गोम कळेल. काळ्या रानात ती एकदा शिरली की तिच्या कांड्याकांड्याला फुटवा येतो. नांगरानं तुकडे केले तर एकीच्या दहा होतात. उन्हाळ्यात हात-हात खोल खणून, मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकाव्या लागतात. अशा मुलखात गवताला पाणी घालायचं, हे आईच्या हिशेबात बसत नव्हतं.

हिशेब माझ्याही डोक्यात सुरू झाला. अंगण तीस बाय तीस, म्हणजे ९०० चौरस फूट. मीटरमध्ये साधारण ८४. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलच्या उन्हात गवत हिरवं ठेवायचं तर रोज पाच मिलिमीटर तरी लागतं. म्हणजे दिवसाला ४०० लिटरच्या वर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोज सत्तावीस-अठ्ठावीस हंडे! २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचा माणही होता. टँकर यायचा तो देवळापाशी, आणि तिथून हंडे घेऊन जायची वाट आमच्या फाटकावरून. घरच्या बोअरला तेव्हा थोडं पाणी होतं. बायका कधी काही बोलल्या नाहीत. पण फाटकाच्या आतही येत नव्हत्या. पूर्वी परड्याच्या वाटेनं दिवसातून दहा जणी यायच्या. कुणी अळूची पानं मागायला, कुणी नुसतीच टेकायला.

भावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, तुला पटेल ते कर. पण आईला विचार.”

आईला काचबिंदू. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, तेही धूसर. मी विचारलं तर म्हणाली, “हिरवं मला दिसतंय किती? वास तरी यिऊ द्या.”

डिसेंबरात पाणी तोडलं. शिवरात्रीपर्यंत गवत पिवळं पडलं. मग रोज सकाळी ऊन चढेपर्यंत, खाटेएवढा तुकडा धरून कुदळीनं वड्या सोलायच्या, असं दोन महिने चाललं. वड्या उलट्या करून कोपऱ्यात रचल्या, वर ओली पोती टाकली. त्यांची पुढं माती झाली. कडेनं हराळी आपोआप शिरलेली होतीच. ती आईनं स्वतः बसून, बोटांनी चाचपत वेचली. तुळशीजवळ तेवढी वीतभर ठेवायला लावली. “गणपतीला दुर्वा लागत्यात. तेवढ्यापुरती ती आपली.”

रोपं आणायला मी दहिवडीच्या नर्सरीत निघालो तर तिनं अडवलं. “इकतचं नगं. मागून आण.” आणि कुणाच्या दारात काय आहे त्याची यादीच सांगितली. साठीचा माणूस मी, पिशवी घेऊन दारोदार फिरायला लागलो. पहिल्या दिवशी जीभ रेटेना. पण ‘आईनं मागितलंय’ म्हटलं की बाया हातातलं काम टाकून उठायच्या. सुताराच्या मामींनी कर्दळीचा गड्डा दिला. वरच्या आळीतल्या आक्कांनी शेवंतीचे फुटवे दिले आणि पहिलं फूल आपल्या देव्हाऱ्यात आलं पाहिजे, अशी अट घातली. कुणी शेवग्याची हातभर फांदी तोडून दिली, कुणी पदराच्या गाठीतून मिऱ्यासारखं काळं गुलबक्षीचं बी सोडून दिलं. एका वैनींकडची कोरांटी तर मूळची आमच्याच परड्यातली निघाली. वीस वर्षांपूर्वी आईनंच दिलेली.

२०१९ ला पाऊस उशिरा आला. आषाढात रोपं लागली. बोअरवर विसंबायचं नव्हतं, म्हणून कुंभाराकडची आठ कच्ची-पक्की मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि तोंडावर खापऱ्या ठेवल्या. मडकं आतून पाझरतं आणि मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. उन्हाळ्यात तीन दिवसांनी एकेकात घागरभर पाणी पुरतं. मोरीचं पाणी चर काढून अळू-कर्दळीला दिलं. वाफ्यांवर ज्वारीचं भुसकट पसरलं. पहिल्या उन्हाळ्यात मोगरा गेला, जाई गेली. कोरांटी, सदाफुली, शेवगा यांना काही झालं नाही.

आईसाठी वाट तेवढी विचार करून आखली. पायरीशी तुळस, वळणावर गवती चहा, लुगड्याला घासला की वास येतो, पुढं दोन्ही कडेनं पानओवा, आणि शेवटी बसायला दगड. काठी बाजूला ठेवून ती वासावर चालायची. गुलबक्षी चारच्या पुढं उमलते, तिचा वास आला की “दिवाबत्तीची येळ झाली,” म्हणून मला हाक मारायची.

भावाची मुलगी वास्तुशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली आणि म्हणाली, “काका, याला कॉटेज गार्डन म्हणतात!” तिनं पुस्तकातली चित्रं दाखवली. इंग्लंडातले मजूर झोपडीभोवती कोबी, घेवडा, औषधी पाला आणि गुलखैरा एकाच वाफ्यात लावत. पुढं गर्ट्रूड जेकिल नावाच्या बाईंनी त्या मिसळीतलं सौंदर्य हेरून मोठ्या बंगल्यांतही तशी फुलं फुलवली. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांच्यातबी सासवासुना आसत्याल.”

मला त्यात एक गोष्ट कळली. हिरवळ पैशानं आणता येते, एका दिवसात अंथरता येते, आणि तिचं कुणाशी काही देणंघेणं नसतं. परडं मात्र मागूनच आणावं लागतं. शेवंती फुलली की आक्कांकडं जावं लागतं, अळू माजला की चार घरी वाटावा लागतो. आता आमचं फाटक दिवसभर उघडं असतं. येणारी बाई जाताना काहीतरी मोडून नेते, आणि पुढच्या खेपेला काहीतरी खोवून जाते.

गेल्या दिवाळीत भाऊ आला. दोन दिवस बागेकडं नुसता बघत होता. निघताना गाडीत सामान भरून झालं, तरी पायरीशी घुटमळला. मग आईजवळ बसून हळूच म्हणाला, “आई, गॅलरीत लावायला कोरांटीची एक फांदी देशील?”

आईनं चाचपत फांदी मोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, त्याच्या हातात दिली. गाडी गेल्यावर मला म्हणाली, “बरं झालं. मागाय शिकला.”