ओट्याखालचे पाणी

संसारात पुष्कळ दोष असे असतात की, ते दिसतात एका ठिकाणी आणि त्यांचे मूळ असते दुसऱ्याच ठिकाणी. हा उपदेश मी आजवर अनेकांना केला असेल. परंतु तो मला स्वतःला शिकावा लागला गेल्या पावसाळ्यात, आणि तोही स्वयंपाकघरातील नळाच्या एका नळीकडून.

आमचे घर लाखांदुरास आहे. भंडारा जिल्ह्याचे हे दक्षिणेकडील तालुक्याचे गाव. जवळून चुलबंद वाहते, पलीकडे वैनगंगा. भोवती धानाची बांधी, जुने मालगुजारी तलाव आणि इटियाडोह धरणाचे कालवे. पाण्याशी आमचा असा सहवास असल्यामुळे पाण्याचे आपल्याला सर्व काही कळते, अशी माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने स्वयंपाकघर नव्याने बांधले. मोरी गेली, ओट्यात सिंक आले आणि सिंकवर ओढता नळ बसला. त्याचे तोंड हातात धरून ओढले की मागोमाग दीड मीटर लांबीची लवचीक नळी बाहेर येते आणि सोडली की आपोआप आत जाते. ओट्याखाली त्या नळीला एक वजन अडकवलेले असते, त्याचीच ही करामत. आमच्या आजेसासूबाई सांगत की, त्यांच्या लहानपणी नळाच्या तोटीत कातड्याचा वायसर असतो म्हणून सोवळ्यातली मंडळी नळाचे पाणी देवाला घेत नसत. त्यांच्या घराण्यातील मी. मीही प्रथम नाक मुरडले. परंतु मोठी पातेली जागच्या जागी धुता येऊ लागली, तेव्हा माझा विरोध फार दिवस टिकला नाही.

श्रावणात एके सकाळी ओट्याखालच्या कपाटातील पितळी पिंप उघडले, तो आतील कुरडया आणि मुगवड्या भिजून बुरसलेल्या! वैशाखाच्या उन्हात जावा-जावांनी मिळून घातलेली वर्षाची वाळवणे ती. माझा संताप अनावर झाला. धाकट्या सूनबाईला लग्न होऊन आठच महिने झाले होते आणि भांडी विसळून आवरण्याचे काम तिच्याकडे होते. "ओले हात घेऊन पिंप उघडतेस, झाकण नीट लावत नाहीस," असे मी सर्वांच्या देखत बोलले. ती इतकेच म्हणाली, "आई, मी झाकण लावले होते." मला ते उलट उत्तर वाटले. दोन दिवसांनी कपाट पुन्हा ओले, पुन्हा बोलणे. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, आणि जेवायलाही सर्वांच्या शेवटी बसली. घरात एक विचित्र शांतता पसरली. मुलगा नोकरीनिमित्त नागपुरास. तिची बाजू घेणारे कोणीच नव्हते.

माझ्यापाशी पुरावाही होता. नळ बंद असता मी स्वतः कपाटात वाकून पाहिले होते. एक थेंबही गळत नव्हता. नळ गळत नाही, तर पाणी आणणार कोण? माझा तर्क मला निर्दोष वाटत होता.

भाद्रपदाच्या आरंभी पावसाची झड लागली, नदीनाले भरले आणि नळाचे काम करणारा मनुष्य काही येऊ शकेना. तेव्हा एके दुपारी सूनबाई बॅटरी घेऊन माझ्याकडे आली. पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झालेली आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही नळ सोडा आणि त्याचे तोंड ओढून धरा. मी खालून पाहते." मी तसे केले. क्षणभराने खालून आवाज आला, "आता तुम्ही वाकून पाहा."

नळीच्या पोलादी विणीतून एक बारीक धार निघून पिंपाच्या झाकणावर पडत होती! मी नळ बंद केला; धार थांबली. तिने समजावून सांगितले ते असे: या नळात चावी आधी आणि नळी नंतर. चावी बंद असेपर्यंत नळीत दाबाचे पाणीच नसते. म्हणून बंद नळाखाली पाहणाऱ्याला ती कोरडीच दिसायची. कालव्याच्या दरवाजाखालची चर फुटली असली, तरी दरवाजा उघडल्याखेरीज ती कोणाला कळावी? धानकऱ्यांच्या गावात जन्म काढून हे मला सुचू नये!

मग आम्ही दोघी कामाला लागलो. खालील गरम व थंड पाण्याचे दोन्ही अँगल कॉक उजवीकडे फिरवून बंद केले. वरची चावी उघडून उरलेले पाणी जाऊ दिले, खाली बादली ठेवली. वजन जेथे अडकवले होते तेथे तिने दोऱ्याची खूण बांधली. कारण ते थोडे जरी वरखाली झाले, तरी नळी पुरती बाहेर येत नाही किंवा नीट मागे जात नाही. जोडाची खिटी दाबून नळी खाली ओढताच ती सुटली. वरून सगळी नळी बाहेर काढली, तिची चाकी पान्याने धरून नळाचे तोंड हाताने डावीकडे फिरवले, आणि दोन्ही वस्तू वर्तमानपत्रावर मांडल्या.

तोंडाच्या आत एक इवलीशी झडप होती. नळाचे तोंड खरकट्या पाण्यात पडलेले असता वरच्या पाण्याचा दाब अकस्मात गेला, तर ते घाण पाणी उलट शोषले जाऊ नये म्हणून ती असते. सोवळ्याचा इतका काटेकोर बंदोबस्त त्या पितळी तोंडात असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. जोडावर काळे रबरी कडे होते. अशा कड्याचे पेटंट मूळच्या डेन्मार्कच्या नील्स क्रिस्टेन्सेन या कारागिराने अमेरिकेत 1937 साली मागितले आणि 1939 साली त्याला ते मिळाले. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान सात जणांसह नष्ट झाले, तेही थंडीने अशीच रबरी कडी ताठरली म्हणून. सूनबाईने हे सांगितले आणि ते कडे बोटाने दाबून पाहिले. आमचे शाबूत होते.

नळी मात्र एका जागी झिजून तिची वीण उसवली होती. ती जागा कोठे येते, हे पाहण्यासाठी तिने नळी परत कपाटात धरली. ती नेमकी पिंपाच्या झाकणाच्या कडीवर आली. नळ ओढावा आणि सोडावा, की नळी त्या कडीवर घासत असे. पिंप तेथे ठेवले कोणी? मीच. वैशाखात, जागा पुरेना म्हणून नळी हाताने बाजूस सारून, मीच ते आत लोटले होते.

हे ती बोलली नाही. कडीकडे पाहून खाली मान घालून नळी पुसत राहिली. तिने बोलून दाखवले असते, तर मला इतके लागले नसते.

झिजलेल्या नळीला पट्टी चिकटवून भागत नाही. पाण्याच्या दाबापुढे ती टिकत नाही. जुनी नळी नमुन्यादाखल दाखवून मुलाने नागपुराहून तशीच नवी आणली. दोन्ही टोकांचे जोड जुळले पाहिजेत, म्हणून नुसते वर्णन सांगून ती आणू नये. तोवर आठ दिवस अंगणातील नळावरून बादल्या वाहिल्या. नवी नळी मात्र आम्ही दोघींनीच बसवली. रबरी कडे जागेवर आहे हे पाहून, जोड खट्‌कन बसेपर्यंत दाबला, खाली ओढून खात्री केली, दोऱ्याच्या खुणेवर वजन अडकवले. चाकी हाताने आवळून पान्याने किंचितच फिरवली. अधिक बळ केले तर वायसर चिरडतो. मग कपाटात कोरडे वर्तमानपत्र पसरून, तोंड ओढून धरून, पाच मिनिटे नळ चालू ठेवला. कागद कोरडाच राहिला.

त्या रात्री सर्व मंडळी पानांवर असता मी म्हटले, "कुरडया माझ्यामुळे नासल्या. पिंप मी ठेवले होते, आणि बोलणी मात्र या मुलीने खाल्ली. चूक माझी आहे." आमच्या घरात सासूने सुनेपाशी असे बोलण्याचा प्रघात नव्हता. यजमान मान वर करून पाहू लागले; थोरल्या जाऊबाईंचा वाढणारा हात थांबला. मी सर्वांच्या देखत बोलले होते. तेव्हा शब्द मागे घ्यायचे ते सर्वांच्या देखतच घ्यायला हवे होते.

सूनबाईचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली एवढेच, "आई, पिंप आता कोठे ठेवायचे?"

"तू सांगशील तेथे," मी म्हटले.

ते हल्ली कोठीत, खिडकीशेजारी असते. या वर्षीच्या कुरडया त्यात आहेत, आणि झाकण कोणी लावले याची चौकशी मी करीत नाही.