वहिनीचा उजवा गुडघा

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात बाईचा गुडघा कधी झिजायला लागला, ते तिलाही सांगता येत नाही. पाऊस पडला की चिखलणी, मग लावणी. पोटरीएवढ्या चिखलात दिवसभर वाकून मागं मागं सरकायचं. दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं उकिडवं बसून भात कापायचं. राबासाठी डोंगरातून कवळाचे भारे डोक्यावर आणायचे. शिवाय पाणी. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन चढ चढतात. हे सगळं शेवटी गुडघ्यावरच येतं.

माझ्या थोरल्या वहिनीचा उजवा गुडघा आठ-नऊ वर्षं दुखत होता. तेल झालं, लेप झाले, सुया झाल्या. शेवटी कल्याणला ऑपरेशन करायचं ठरलं. आमच्याकडं याला ‘वाटी बदलणं’ म्हणतात. खरं तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यावर धातूची टोपणं बसवतात आणि मधे प्लॅस्टिकची चकती ठेवतात. वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली त्यांचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला डॉक्टर चित्तरंजन रानावत यांनी बदलला, पुढल्या वर्षी उजवा. तेव्हा हे ऑपरेशन रेडिओवरून आमच्या ओटीपर्यंत पोचलं. पण ते मोठ्या माणसांचं काम, असंच आम्ही समजायचो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि वर कर. त्यानंतर आमच्यासारखी माणसंही हिशेब मांडायला लागली. आम्ही एक म्हैस विकली, थोडं सोसायटीचं, थोडं पुतण्याचं, आणि भात झोडून झाल्यावर ऑपरेशन केलं.

दवाखान्यात नर्स विचारायची, “आजी, दुखतंय का?” वहिनी म्हणायची, “नाय बाय.” दात आवळून म्हणायची. सोसायची सवय. घरी आल्यावर गुडघा वाकवायचा व्यायाम दिला होता, पण कळ आली की ती थांबायची. तीन महिने झाले, सहा झाले. म्हशाच्या जत्रेला चालत जाईन म्हणाली होती, तर पौष पौर्णिमेला घराच्या पायरीवर बसून होती. रात्री कळ यायची, जिना उतरताना यायची. नवा एक्स-रे काढला तर सांधा जिथल्या तिथं. पुतण्या वैतागला. “फोटोत सगळं बरोबर आहे, मग दुखतंय कसं? आईच्या मनाचे खेळ आहेत.” मला ते आवडलं नाही. जी बाई ताप अंगावर काढून लावणी करायची, ती उगाच कशाला कण्हेल?

मग ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तरुण पोरगी. आधी गुडघा गरम आहे का, सूज, लाली, ताप, सगळं पाहिलं. रक्त तपासलं. आत जंतू गेले असतील किंवा सांधा सैल झाला असेल तर ते आधी शोधायला हवं, त्यात वेळ घालवून चालत नाही, असं म्हणाली. तसं काही निघालं नाही. तेव्हा तिनं फाइल बाजूला ठेवली आणि वहिनीकडं खुर्ची वळवली.

“आजी, गुडघा सोडून आणखी कुठं दुखतं?”

वहिनी हसली. “कुठं नाय दुखत ते इचारा.” कंबर, मान, खांदे, बोटं. एकेक सांगत गेली.

“झोप?”

“झोप नाय.”

“कधीपासून?”

वहिनीनं माझ्याकडं बोट केलं. “भावजींचे मोठे भाऊ गेले तेव्हापासनं.”

दादा गेला त्याला ऑपरेशनच्या वेळी दोन पावसाळे झाले होते. वहिनी घरात सगळ्यांच्या आधी उठते, एवढं आम्हाला माहीत. रात्रभर जागीच असते, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग बाईंनी समजावलं. गुडघा बदललेल्या पाच जणांतल्या साधारण एकाला पुढंही बरंच दुखत राहतं. ज्यांना ऑपरेशनआधी जास्त दुखत होतं, ज्यांचं अंगात इतर ठिकाणीही दुखतं, ज्यांना घोर, उदासी, झोपेची मारामार आहे, त्यांना धोका जास्त. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतली कळ नीट आटोक्यात आली नाही तरीही. एक्स-रेत झीज थोडीच आणि दुखणं मात्र फार, अशा माणसांनाही. हे सगळं असलं म्हणजे दुखेलच असं नाही, पण आधी कळलं तर तयारी करता येते.

पुतण्यानं विचारलंच. “म्हणजे मनाचंच ना?”

“नाही. दुखणं खरं आहे. इतकी वर्षं कळ सोसून शिरा आणि मेंदू हळवे झालेत. घोर आणि जाग्रण त्यात भर घालतं.”

मला शेतातला पाट आठवला. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं पाणी गेलं की बांध घातला तरी पुढल्या पावसात ते तिथूनच वाट काढतं.

कल्याणची फाइल मी घरी येऊन पुन्हा चाळली. साखर, रक्तदाब, हृदयाचा कागद, सगळं होतं. झोपेबद्दल एक ओळ नव्हती, मान-कमरेबद्दल नव्हती. सांध्याची किंमत सरकारनं उतरवली हे चांगलंच केलं. पण डॉक्टरीणबाईंनी जे विचारलं त्याला दहा मिनिटं लागली आणि पैसा एक नाही. ते ऑपरेशनच्या आधी विचारायला पाहिजे होतं, आणि पाचात एकाचं असं होतं हेही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आमच्याकडं बाई आपणहून सांगणार नाही. तिला विचारावं लागतं, आणि तेही घरची माणसं जरा बाजूला काढून.

वहिनीचं बघून गावातल्या दोघी-तिघी ऑपरेशनचं नाव काढीनात, हेही बरोबर नाही. टोकावड्याच्या बाजूची आमची एक पाव्हणी त्याच वर्षी ऑपरेशन करून आली, ती आता बाजाराला पायी जाते. बहुतेकांचं भागतंच.

वहिनीला आता रात्रीची एक गोळी आहे, फिजिओथेरपीचा व्यायाम आहे, अंगणात रोज थोडं जास्त चालायचं आहे. जादू झालेली नाही. नात कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहिते, दहापैकी किती दुखलं आणि किती तास झोप लागली. आषाढात दुखण्याचे सात-आठ होते, भाद्रपदात पाच दिसायला लागलेत. झोप चार तासांवर आली आहे. डावा गुडघाही आता कुरकुरतो. त्याचं पुतण्यानं काढलं तर वहिनी म्हणाली, “भात घरात येऊ दे. मग त्या बाईलाच इचारू, आणि हे कॅलेंडर संगं नेऊ.”