दोन पंचमांश

दादाचं म्हणणं सरळ होतं. पीककर्ज काढायचं तर बँक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती मागते. "तू नागपूरले, ताई पुलगावले. सह्यांसाठी मी कुठं कुठं हिंडू?" म्हणून वारसांची नावं चढली की आम्ही दोघी बहिणींनी लगेच हक्क सोडून द्यायचा, असं घरात ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे आम्हाला न विचारता. बाबांची तेरवी नुकतीच झाली होती आणि पुतण्याने स्टॅम्प पेपरसुद्धा आणून ठेवला होता.

आमचं गाव कारंजा (घाडगे) तालुक्यातलं. नागपूर-अमरावती महामार्ग सोडून आत वळलं की संत्र्याचे बगिचे लागतात. बाबांची दोन वावरं. एक आजोबांकडून आलेलं, कोरडवाहू, कपाशी-तुरीचं. दुसरं बाबांनी १९७४ मध्ये विकत घेतलेलं. विहीर आणि संत्रा त्यातच. तेव्हा कारंजा आर्वी तालुक्यात होतं, त्यामुळे खरेदीखतावर शिक्का आर्वीच्या दुय्यम निबंधकाचा आहे.

ते खरेदीखत बाबांच्या लोखंडी पेटीत निघालं. त्याच पिशवीत सातबारा, आठ-अ, सोसायटीची पासबुकं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या. घरात या सगळ्याला मिळून 'वावराचे कागद' म्हणायची पद्धत. ओळखीचे एक निवृत्त पटवारी आहेत (तलाठी हे पद गेलं, आता तर ग्राम महसूल अधिकारी आले, पण आमच्याकडे पटवारी तो पटवारीच). त्यांनी कागदांच्या दोन चळती केल्या. एका चळतीत फक्त खरेदीखत, बाकी सगळं दुसरीकडे. मालकी पहिल्या चळतीतून येते, म्हणाले. सातबारा हा महसुलाचा दप्तरी उतारा. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे तो खरा धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. घराचा नमुना आठ तर कर आकारणीपुरता. गावठाणातल्या घराला मालकीचा कागद मिळावा म्हणून तर २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून सनदा देणं सुरू झालं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. बाबा गेले, सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच, तर आज मालक कोण? ते म्हणाले, "तुम्ही पाची जणं. ज्या दिवशी ते गेले त्या दिवसापासून." आई, दोन भाऊ, दोघी बहिणी. फेरफार व्हायचा तेव्हा होईल, त्याने हक्क तयार होत नाही, झालेल्या हक्काची नोंद होते.

दादाला हे मान्य नव्हतं असं नाही, पण त्याने गाठ घातली ती आजोबांच्या वावराची. "बगिच्याचं ठीक हाय. पण ते वडिलोपार्जित हाय. त्यात पोरीचं काय?" या वावराचा इतिहास मला आजीकडून माहीत होता. आजोबा मालगुजाराचे कूळ. कसायचं आजोबांनी, पैसे भरायचे मालगुजाराकडे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, १९५४ च्या मध्य प्रदेश संहितेने आजोबा भूमिस्वामी झाले, आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या संहितेत त्याचं भोगवटादार वर्ग १ झालं. म्हणजे ज्याला दादा पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणतो ते पूर्ण हक्काने आमचं होऊन एक माणूसभर आयुष्यच झालंय. पण भांडणात हे ऐकतो कोण!

कायद्याचं उत्तर मात्र दोन्ही वावरांना एकच निघालं. बाबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे; लोक समजतात तसा २००५ पासून नाही. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीसाठी होती. त्या वर्षी वडील हयात असण्याची गरज नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात साफ केलं. आमच्या घरात कुठल्याही वाटेने हिशेब मांडा, प्रत्येकाला एक पंचमांशच येतो.

वारसनोंदीचा अर्ज केला ते २०२५ च्या एप्रिलमध्ये, जिवंत सातबारा मोहिमेच्या धामधुमीत. मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावरून काढून वारसांची लावायची, अशी ती राज्यभराची मोहीम. मृत्यूचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र दिलं. गाव नमुना सहा-क मध्ये वारस नोंदले गेले, मग फेरफाराची नोटीस निघाली. हरकतीला पंधरा दिवस. दादाने हरकत घेतली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर नवा उतारा आईला वाचून दाखवला. सगळ्यात वर तिचं नाव. ज्या वावरात तिने चाळीस वर्षं निंदण-खुरपण केलं, त्याच्या कागदावर ती पहिल्यांदा आली होती. तिने बोट ठेवून विचारलं, "हे मीच ना?" मग लगेच, "अन् सोसायटीचा बोजा?" तोही होता, इतर हक्काच्या रकान्यात, जसाच्या तसा.

पाच नावं सामाईक आहेत. म्हणजे विहिरीकडचा तुकडा माझा, असं मला म्हणता येत नाही. प्रत्येक गुंठ्यात प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. वहिनीला हे समजावताना सगळ्यात जास्त वेळ गेला. मी बगिच्याची फळझाडं मोजून नेणार, अशीच तिची समजूत होती.

मी हक्क सोडला नाही. संमतीच्या सहीसाठी हंगामाच्या तोंडाशी गावी येते, दादाचं कर्ज अडलेलं नाही. ताईला मात्र खरंच काही नको होतं. तिने हक्कसोडपत्र केलं. घरी स्टॅम्पवर नाही, तर पाचशेच्या मुद्रांकावर, दुय्यम निबंधकासमोर, रीतसर नोंदवून, कारण नोंदणीशिवाय त्याला अर्थ नाही. दस्त लिहिणाऱ्याने विचारलं, कुणाच्या लाभात? दादा बाजूलाच उभा होता. ताई म्हणाली, "आईच्या."

आता आईकडे दोन पंचमांश. घरात सगळ्यात मोठी हिस्सेदार तीच. मृत्युपत्र केलं नाही तर तिच्यामागे तो हिस्सा पुन्हा चारही लेकरांत वाटला जाईल, ताईसुद्धा त्यात आली, हे दादाने वकिलाकडून खात्री करून घेतलंय. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून मोजणी आणावी, असा त्याचा लकडा सुरू आहे. पण विहीर एकच आहे, आणि पाण्याच्या पाळ्या वाटपात लिहून घेतल्याशिवाय अंगठा देणार नाही, असं आईने त्याला सांगितलंय.